जेल की स्प्रे? सोसायटीत झुरळांचं औषध लागू पडतंय का, हे तपासायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातली सात मजली सोसायटी, दोन विंग, बहुतेक सगळ्या किचनमध्ये छोटी झुरळं. दोन पेस्ट कंट्रोलवाल्यांची कोटेशन्स आलीयेत, एक म्हणतो फक्त जेल लावतो (विष मिसळलेलं आमिष, त्याचे थेंब सिरिंजने फटीत लावतात), दुसरा म्हणतो जेलबिल काही नाही, स्प्रे मारल्याशिवाय झुरळ हलत नाही. कमिटीत ठरतंय की दोघांना थोडे थोडे फ्लॅट देऊन बघू, ज्याच्या औषधाने जास्त मरतील त्याला वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. तर हे नेमकं बघायचं कसं? आणि शेवटी विचारलंय की झुरळं पळवायला प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासोनिक मशीन चालतं का?

कल्पना चांगली आहे, इतकं तरी करणाऱ्या कमिट्या मी फार कमी बघितल्यात, बहुतेक ठिकाणी कोटेशनचा आकडा बघून सही होते. पण "ज्याच्या औषधाने जास्त मरतील" हे माप घेतलंत तर स्प्रेवाला दर वेळी जिंकणार, औषध भिकार असलं तरी. कारण डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन वगैरे जी पायरेथ्रॉइड औषधं स्प्रेत असतात ती झुरळाच्या मज्जासंस्थेला आधी उचकवतात, मग फटीत गपचूप बसलेली झुरळं सैरावैरा बाहेर येतात, ओट्यावर, फरशीवर उताणी पडून पाय झाडत बसतात आणि घरातल्यांना वाटतं बापरे काय जबरदस्त औषध आहे. जेल खाल्लेलं झुरळ मात्र बऱ्याचदा परत आपल्या फटीतच जाऊन मरतं, कुणाला दिसत नाही. आणि उताणं पडलं म्हणजे मेलं असंही नाही. नॉकडाउन वेगळं, मरण वेगळं. औषधाला सरावलेली झुरळं काही तासांनी उठून चालायला लागतात, म्हणून तर टेस्ट करताना २४ तासांनी मोजतात आणि परत ४८ तासांनी मोजतात. तुमच्याकडे तोपर्यंत ती केराच्या डब्यात गेलेली असतात आणि तिथूनच चालू लागतात.

तेव्हा मोजायची ती जिवंत उरलेली. त्यासाठी चिकट ट्रॅप लागतात, पुठ्ठ्याचे, तंबूसारखे घडी घालायचे, महाग नसतात.

ट्रॅप लावायच्या आधी कुठलं झुरळ आहे ते बघून घ्या, कारण दोन झुरळांचा हिशोब एकत्र केला की सगळी ट्रायल वाया. किचनमधलं छोटं, दीड सेंटीमीटरच्या आत-बाहेरचं, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन उभे काळे पट्टे, ते जर्मन झुरळ. (तसं ते आपल्याच बाजूचं, २०२४ मधल्या जनुकीय अभ्यासाप्रमाणे ते साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारकडच्या आशियाई झुरळापासून वेगळं झालं.) दुसरं ते मोठं लालसर, बाथरूमच्या जाळीतून, ड्रेनेज चेंबरमधून येणारं, त्याला अमेरिकन झुरळ म्हणतात. ते घरात राहतच नाही म्हणा ना, गटारातून फेरफटका मारायला येतं, त्याच्यावर किचनमध्ये जेल लावून काही होत नाही, चेंबर, जाळ्या, पाइपाभोवतीची भोकं बघावी लागतात. पहिल्या जोराच्या पावसात चेंबर भरले की ही मोठी झुरळं वर येतात आणि लोक बोंब मारतात की पेस्ट कंट्रोल फेल गेलं. मोजताना दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा. पुढे जे लिहितोय ते सगळं छोट्या झुरळाबद्दल.

ट्रॅप एका फ्लॅटमध्ये सहा ठेवा आणि जागा सगळ्या फ्लॅटमध्ये त्याच ठेवा: सिंकखाली, फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, गॅसच्या शेगडीखालच्या ट्रॉलीत, वरच्या एका कॅबिनेटमध्ये, वॉटर प्युरिफायरच्या खाली, आणि एक बाथरूममध्ये बेसिनखाली. भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटून ठेवायचा, झुरळ मोकळ्या जागेतून जात नाही, कडेकडेने जातं, मधोमध ठेवलेला ट्रॅप रिकामाच येतो. प्रत्येकावर मार्करने फ्लॅट नंबर, जागा, तारीख. तीन रात्री ठेवा, उचला, मोजा, फोटो काढा. प्युरिफायरला मुद्दाम वेगळा ट्रॅप सांगतोय, कारण ती जागा ऊबदार, आत ओलावा, आणि कोणी कधी उघडून बघत नाही. मी कव्हर काढायला लावतो तेव्हा आतल्या बाजूला काळ्या मिरपुडीसारखे ठिपके आणि अंड्यांच्या रिकाम्या डब्या अशा काही निघतात की घरातले दोन दिवस त्यातलं पाणी पीत नाहीत.

पाल. ट्रॅपवर पाल अडकते, आणि अडकायच्या आधी चिकटलेली झुरळं खाऊन पण जाते. म्हणून उघडा ट्रॅप ठेवू नका, घडी घातलेलाच ठेवा. आणि कामवाल्या मावशींना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या ट्रॅप कचरा समजून टाकतात आणि जेलचे थेंब ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून काढतात, त्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग जेलवाल्याचं औषध चाललं नाही असा रिपोर्ट जातो.

आता फ्लॅट कुणाला कुठले द्यायचे. पेस्ट कंट्रोलवाल्याला निवडू देऊ नका, कमिटी मेंबरलाही नाही. जो तो आपल्याला सोपे फ्लॅट घेतो, ते मुद्दाम करतात असं नाही, होतंच तसं. सोसायटीत पार्किंगसाठी चिठ्ठ्या टाकता ना, तशाच इथे टाका. फक्त चिठ्ठी एकेका फ्लॅटची नको, उभ्या लाइनची टाका. म्हणजे १०१, २०१, ३०१ पासून ७०१ पर्यंत एक लाइन, ही सगळी किचनं एकाच डक्टवर असतात. झुरळं याच डक्टमधून, पाइपाच्या भोवतीच्या न बुजवलेल्या भोकांतून वरखाली फिरतात. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी १९८० च्या दशकात अपार्टमेंटमधल्या झुरळांची ये-जा अभ्यासली होती, त्यातही हेच दिसलं की पाइपाची भिंत सामायिक असलेल्या घरांमध्ये ये-जा जास्त. आता ३०१ मध्ये जेल आणि ४०१ मध्ये स्प्रे असं केलंत तर स्प्रेने उचकलेली ४०१ ची झुरळं ३०१ मध्ये उतरणार आणि जेलवाला फुकट बदनाम होणार. उलटही होईल. लाइनप्रमाणे केलंत तर हे बरंच टळतं.

तिसरा गट बिनऔषधाचा ठेवा. इथे कमिटीत हमखास भांडण होतं, आम्ही पण मेंटेनन्स भरतो, आम्हाला का नाही म्हणून. तर त्यांना सांगा की चार आठवड्यांनी जो पुढे असेल त्याचंच औषध तुमच्याकडे मारू, तोपर्यंत फक्त ट्रॅप लावू द्या. चार आठवड्यांपेक्षा जास्त कुणाला तसंच ठेवणं बरोबर पण नाही. पण हा गट नसेल तर तुमच्या आकड्यांना अर्थ नाही, कारण झुरळं औषधाशिवायही कमीजास्त होतात. एखादा फ्लॅट रिकामा झाला, शेजारी रिनोव्हेशन काढलं, सगळ्यांनी दिवाळीची साफसफाई काढली. दिवाळीचं तर खास सांगतो, ट्रॉल्या बाहेर, डबे घासून, पेपर बदलून, अर्धी झुरळं तशीच जातात आणि श्रेय त्या महिन्यात ज्याने औषध मारलं असेल त्याला. दिवाळी मध्ये येईल अशी ट्रायल लावूच नका.

हिशोब असा करायचा. समजा औषध मारलेल्या फ्लॅटमध्ये आधी सगळ्या ट्रॅपमध्ये मिळून २४० झुरळं होती, चार आठवड्यांनी ६० उरली. पेस्ट कंट्रोलवाला म्हणणार ७५ टक्के घट. पण बिनऔषधाच्या गटात त्याच काळात २०० ची १५० झाली असतील तर ती घट वजा व्हायला हवी. ६० गुणिले २०० भागिले २४० गुणिले १५०, म्हणजे १२००० भागिले ३६०००, एक तृतीयांश उरली, औषधाची खरी घट ६७ टक्के. आणि समजा बिनऔषधाच्या गटात कमी व्हायच्या ऐवजी २०० ची ३०० झाली असती तर तेच औषध ८३ टक्क्यांवर गेलं असतं. याला हेंडरसन-टिल्टनचं सूत्र म्हणतात, १९५५ चं आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

पण नुसत्या बेरजेवर पण विश्वास ठेवू नका. झुरळं सगळ्या घरांत सारखी वाटलेली कधीच नसतात, दहा फ्लॅटमध्ये एक असा निघतोच की जिथे बाकी सगळ्यांच्या मिळून नसतील इतकी असतात. समजा २४० पैकी १८० त्या एकाच घरातली. त्या घरात दणकून काम करून २० वर आणली आणि बाकीच्या नऊ घरांत ६० ची ६० च राहिली, तरी एकूण घट ६७ टक्के दिसते. नऊ घरांना काहीच फरक पडलेला नाही आणि कागदावर ट्रायल पास. म्हणून प्रत्येक फ्लॅटची घट वेगळी काढा, चढत्या क्रमाने लावा, मधल्या फ्लॅटला काय मिळालं ते बघा, आणि किती फ्लॅट पूर्ण शून्यावर आले तो आकडा वेगळा लिहा. मला विचाराल तर तो शून्यवाला आकडाच मी आधी बघतो. ज्या घरात तीन रात्रींत सहा ट्रॅपवर जेमतेम दोन-तीन झुरळं आलीयेत ते घर ट्रायलमध्ये घेऊ नका (औषध द्या, हिशोबात धरू नका), दोनाची शून्य झाली यात औषधाचं कर्तृत्व काय ते कळतच नाही. दहाच्या वर येणारी घरं घ्या, प्रत्येक गटात असे निदान दहा-बारा फ्लॅट मिळाले तर बरं.

ट्रॅप उघडून मोजणारा माणूस शक्यतो तिऱ्हाईत हवा, ज्याला कुठल्या लाइनीत काय मारलंय ते माहीतच नाही. कॉलेजातलं पोरगं बसवा, चहा-वडापाव द्या. पेस्ट कंट्रोलवाल्याने स्वतःच मोजलेले आकडे मी तरी धरत नाही, मी स्वतः मोजलेले माझे पण धरू नका.

किती दिवस? इथे बहुतेकांचा घोळ होतो. मादी अंड्यांची डबी जवळजवळ पिल्लं बाहेर पडेपर्यंत पोटाच्या टोकाला बाळगून फिरते, एका डबीत ३० ते ४० अंडी, डबीवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. मादी मेली तरी डबी पिकत आलेली असेल तर पिल्लं निघतात. अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या झुरळापर्यंत आपल्याकडच्या उष्णतेत साधारण दोन महिने. म्हणजे आठवडाभराने बघितलंत तर कुठलंही औषध हिरो दिसणार. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा नवीन पिल्लं निघतात आणि औषध अजून शिल्लक आहे की नाही ते कळतं. पहिला आठवडा, दुसरा, चौथा, आठवा, बारावा, असे ट्रॅप लावा. चौथ्यानंतर बिनऔषधाचा गट संपतो, पुढे दोन औषधांची एकमेकांशीच तुलना, तरी चालेल.

मोजताना नुसता आकडा लिहू नका, वयही बघा. तीन मिलिमीटरची काळपट पिल्लं, पाठीवर मधोमध फिकट ठिपका, अशीच जास्त असतील तर डब्या फुटल्यात, जेल परत भरायची वेळ आहे, घाबरण्यासारखं काही नाही. सगळी मोठी, पंखवाली, त्यात डबीवाल्या माद्या, असं दिसलं तर ती एकतर औषधातून वाचलेली आहेत किंवा शेजारून आलेली आहेत. पिल्लं पण आणि मोठी पण, सगळ्या वयाची, म्हणजे तिथे औषध पोचलेलंच नाही, आख्खं कुटुंब सुखात आहे.

आता जेलकडे येतो. जेलच्या ट्रायलमध्ये एक गोष्ट सोपी आहे जी कुणी करत नाही: सिरिंज वजन करा. किचनमधला छोटा डिजिटल काटा पुरतो. फ्लॅटमध्ये शिरताना वजन, निघताना वजन, किती ग्रॅम लावलं ते लिहा. नाहीतर होतं काय की पोरगं दिवसाला पंधरा घरं उरकतं, आठ ठिकाणी आठ थेंब लावून निघतं, आणि मग औषध खराब का हात आखडता हे कळायला मार्ग नाही. लेबलवर जितकं लिहिलंय तितकं लावलं का हे आधी बघा. अमेरिकेत व्हर्जिनियात सरकारी घरांमध्ये काहींनी उलटी पद्धत लावली, ट्रॅपमध्ये जितकी झुरळं त्याप्रमाणे त्या घरात जेलचं प्रमाण, सगळ्यांना सारखं नाही, आणि त्याचा चांगला उपयोग झाला. मलाही तेच पटतं. थेंब लहान आणि भरपूर, ट्रॉलीच्या बिजागरीत, कडप्प्याच्या खालच्या सांध्यात, ड्रॉवरच्या चॅनलमागे. मोठा गोळा वाळून वरून कडक होतो, मग त्याला कोणी तोंड लावत नाही.

दोन आठवड्यांनी थेंब बघा. खाल्लेले असतील आणि ट्रॅप रिकामे होत असतील तर छान. थेंब तसेच आणि ट्रॅप पण रिकामे, तर तिथे झुरळं नाहीत. पण थेंब तसेच आणि ट्रॅप भरलेले, तर गडबड आहे. बऱ्याच वेळा त्याचं साधं कारण असतं, घरातल्या कोणीतरी वरून बाजारातला स्प्रे मारला, किंवा त्याच पेस्ट कंट्रोलवाल्याने "डबल इफेक्ट" म्हणून जेलच्या आजूबाजूला स्प्रे मारला, त्या वासाने झुरळ जेलकडे फिरकत नाही. म्हणून जेलच्या लाइनमधल्या घरांना तोंडी नाही, लेखी सांगा की बारा आठवडे घरात कुठलाही स्प्रे, खडू, काही मारायचं नाही. आणि कधीकधी कारण झुरळातच असतं. १९८० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका अपार्टमेंटमध्ये गोड आमिषाचं औषध अचानक चालेनासं झालं, जूल्स सिल्व्हरमन यांनी शोधून काढलं की तिथल्या झुरळांना ग्लुकोजच आवडत नाही आणि ही नावड पिल्लांतही उतरते, १९९३ मध्ये ते छापून आलं. पुढे २०१३ मध्ये सापडलं की त्यांच्या जिभेला, म्हणजे तोंडाजवळच्या चवीच्या पेशींना, ग्लुकोज कडू लागतं. विषाला नाही, साखरेला नकार! तेव्हा एका कंपनीचं जेल खात नाहीत म्हणून विषच बदलायला हवं असं नाही, दुसऱ्या आमिषाचं जेल रात्री त्याच फटीजवळ ठेवून बघा, तासाभराने लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघितलं की कशावर गर्दी आहे ते कळतं.

जेल चांगलं असेल तर त्याचा एक फायदा स्प्रेला कधीच मिळत नाही. खाऊन मेलेल्या झुरळाची विष्ठा आणि प्रेत बाकीची खातात, विशेषतः अगदी छोटी पिल्लं, जी फटीतून बाहेरच येत नाहीत. त्यांच्यापर्यंत विष असं पोचतं. इंडोक्साकार्ब नावाच्या जेलमधल्या विषाच्या बाबतीत तर पर्ड्यूच्या २००८ च्या प्रयोगात हे तिसऱ्या झुरळापर्यंत गेलेलं दाखवलंय.

मग स्प्रे वाईटच का? तसं नाही म्हणणार, पण त्याचा डेमो बघून भुलू नका. पेस्ट कंट्रोलवाला येतो, बाथरूममध्ये दोन झुरळं पकडून त्यांच्या अंगावर मारतो, मरतात, टाळ्या. अंगावर फवारा तुमच्या किचनमध्ये किती झुरळांना मिळणार आहे? बाकीच्यांना वाळलेल्या औषधावरून चालायचंय, आणि त्यांच्याकडे न चालण्याचा पर्याय आहे. हे तपासायला वॉल्टर एबलिंग नावाच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधकाने १९६० च्या दशकात एक खोका बनवला होता, तो मला अजूनही सगळ्यात हुशार प्रयोग वाटतो. दोन कप्पे, मधल्या भिंतीला भोक. एक कप्पा अंधारा, झुरळाला आवडणारा, पण त्यात औषध. दुसरा उजेडाचा, नावडता, पण तिथे खाणं-पाणी. बंद बरणीत ठेवल्यावर पटापट मारणारी औषधं इथे आपटली, कारण झुरळं अंधाऱ्या कप्प्यात जायचंच टाळायला शिकली आणि उजेडात जगत राहिली. आणि बोरिक पावडर, जी बरणीत सगळ्यात हळू मारते, तिच्यात ती बिनधास्त फिरली, तिनेच जास्त मारली. (कणीक-साखर-बोरिकच्या गोळ्या आपल्या आज्या करायच्या त्यात तथ्य आहे, फक्त लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताला लागणार नाहीत अशाच जागी, आणि पाणी लागलं की बाद.)

स्प्रेवाल्याला तरी संधी द्यायचीच असेल तर ट्रायलच्या आधी त्याच्याकडून एक टेस्ट करून घ्या, तुमच्याच इमारतीतल्या झुरळांवर. बरणीच्या आतल्या कडेला व्हॅसलिन लावून, आत शेंगदाण्याची पेस्ट ठेवून रात्री सिंकखाली ठेवा, झुरळं सापडतात. त्याने लेबलवरच्या प्रमाणात औषध एका टाइलवर मारायचं, वाळू द्यायचं, आणि दुसऱ्या एका टाइलवर नुसतं पाणी. दोन्हींवर सारखी झुरळं अर्धा तास उपड्या भांड्याखाली ठेवायची, मग स्वच्छ बरणीत पाणी-बिस्किटासकट हलवायची, २४ आणि ४८ तासांनी मेलेली मोजायची. पाण्याच्या टाइलवरची पण मरत असतील तर टेस्ट रद्द, हाताळणीत मेली असतील. टाइल नवीन कोरी नको, तुमच्या शेगडीमागे असते तशी तेलकट असू द्या, तेलावर आणि कच्च्या सिमेंटवर औषध फार टिकत नाही. अर्धा तास झुरळ तिथे कोंडून ठेवणं हीसुद्धा स्प्रेला दिलेली सवलतच आहे, खरं झुरळ एका जागी एवढा वेळ थांबत नाही. एवढं करूनही निम्मी जगली तर कोटेशन परत करा.

कंपनीच्या पत्रकावर शंभर टक्के मृत्यू लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, पण ते बहुतेक वेळा लॅबमधल्या झुरळांवरचं असतं. ऑर्लँडोची एक प्रसिद्ध जात १९४७ पासून लॅबमध्ये पाळतात, तिच्या इतक्या पिढ्यांनी औषध बघितलेलंच नाही. तुमच्या ठाण्यातल्या झुरळांच्या पूर्वजांनी आजवर जे जे फवारलं गेलं ते सगळं पचवलंय.

औषध नुसतं बदलत राहिलं की झालं, असंही नाही. पर्ड्यूच्या मायकेल शार्फ यांच्या टीमने इंडियाना आणि इलिनॉयमधल्या अपार्टमेंट्समध्ये सहा महिने हे करून बघितलं, २०१९ मध्ये छापलं. वेगवेगळ्या गटांची औषधं आलटून पालटून दिली तेव्हा झुरळं वाढली नाहीत पण कमीही झाली नाहीत. दोन औषधं एकत्र मिसळली ते तर फसलंच. एकच जेल वापरलं तेव्हा जिथे आधीपासून प्रतिकार जवळपास नव्हता तिथे झुरळं जवळजवळ संपली, आणि जिथे सुरुवातीला दहाएक टक्के झुरळांत प्रतिकार होता तिथे वाढली. म्हणजे आधी टेस्ट, मग औषध. आपल्याकडे उलटं चालतं.

धुराचे बॉम्ब, फॉगर, यांची ट्रायलसुद्धा करू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात चार वेगवेगळे फॉगर खऱ्या घरांत वापरून बघितले, झुरळं कमी झाली नाहीत आणि किचनच्या फरशीवर औषध मात्र शेकडो पटींनी वाढलं. त्याच अभ्यासात जेलच्या घरांत झुरळंही घटली आणि औषध घरभर पसरलंही नाही. तुमच्या विंगमध्ये दम्याची मुलं असतील तर हे लक्षात ठेवा, झुरळाच्या विष्ठेने आणि कातीने दमा वाढतो, आणि न्यू ऑर्लिन्समध्ये २०१७ च्या अभ्यासात नुसतं जेल नीट लावल्याने अशा मुलांचा त्रास कमी झालेला दिसला.

कागदपत्रांचं पटकन. औषधाची मूळ बाटली किंवा सिरिंज सीलबंद तुमच्यासमोर उघडायला लावा, लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक असतो त्याचा फोटो घ्या, ऑपरेटरचं लायसन्स मागा. "हर्बल आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्याला औषधाचं नाव विचारा, बहुतेक वेळा आतून फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडच निघतं, जे वापरायला हरकत नाही पण मग हर्बल कशाला म्हणतोस बाबा. डायक्लोरव्हॉस म्हणजे डीडीव्हीपी आपल्याकडे २०२० च्या अखेरीपासून पूर्ण बंद आहे, तरी उग्र वासाचं काहीतरी बिनलेबलच्या बाटलीतून आणणारे भेटतात, त्यांना गेटवरूनच परत पाठवा.

कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन सर्व्हिस, चार सर्व्हिस असं लिहून घेऊ नका, सर्व्हिस म्हणजे माणूस आला आणि गेला. आठव्या आणि बाराव्या आठवड्याला ट्रॅपमध्ये काय यायला हवं ते लिहा, आणि शेवटचा हप्ता त्या मोजणीनंतर. चांगला पेस्ट कंट्रोलवाला याला हो म्हणतो, वर स्वतःची एक अट घालतो की डक्टमधली भोकं सोसायटीने बुजवायची आणि एकाही घराने दार लावून घ्यायचं नाही. ती अट मान्य करा, त्याची बाजू बरोबर आहे, लाइनमधल्या एका कुलूपबंद फ्लॅटमधून सगळी लाइन परत भरते.

आणि ते प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासोनिक मशीन शेवटी विचारलंय. तपासायचंच असेल तर हीच पद्धत, सहा ट्रॅप, तीन रात्री, मशीन चालू आणि मशीन बंद. मी केलंय ते, झुरळं मशीनच्या मागेच बसलेली सापडतात, प्लग गरम असतो ना.